पमाबाय काटा मानत नसे

पेट्रोलच्या काट्याविषयी पमाबायचं मत ठाम होतं आणि ते ती न विचारताही सांगायची. "तो जावयासारखा हाय. पोट भरलेलं असलं तरी तोंड पाडून बसणार, आणि रिकामं असलं की मिजास." हे ती मासे साफ करता करता बोलायची, त्यामुळे ऐकणाऱ्याला क्षणभर कळत नसे की बोलणं जावयाचं चाललंय, काट्याचं की बोंबलाचं.

मी तेव्हा एका दैनिकाचा बोईसरचा वार्ताहर होतो. कुंभवलीच्या रस्त्यावर आमच्या इमारतीच्या फाटकापाशी पमाबाय सकाळी मासे विकायला बसायची. ती केळव्याची. केळव्याहून शेजारचं माहीम, मग पालघर करत बोईसरपर्यंत ती मोटरसायकलवर यायची. मागच्या सीटवर लोखंडी कॅरिअर, त्यावर दोन टब, टबांत बर्फ आणि मासे, सगळं सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळलेलं. वय पन्नाशीच्या आसपास. अंगाने रुंद, आवाज बंदरावरचा. नेसण कासोट्याची, गुडघ्याच्या जरा खाली येणारी, वरून मुलाचा जुना फुल शर्ट. बायकांसाठी स्कूटी असते, ती घे, असं कुणी म्हणालं की ती कासोटा दाखवायची. मोटरसायकलवर बसायला तिला वेगळं काही करावं लागलं नव्हतं.

त्याआधी ती टेम्पोने येत असे. टेम्पो तिच्या धाकट्या दिराचा, हरेश्वरचा. गावातल्या मासेविक्या बायका पाट्या घेऊन त्याच्या टेम्पोत मागे बसायच्या आणि बोईसरच्या वेगवेगळ्या नाक्यांवर उतरायच्या. हरेश्वर वाईट माणूस नव्हता. पण टेम्पो सुटायची वेळ तो ठरवायचा, परतायची वेळही तोच ठरवायचा. मासे विकून झाले नसले तरी हॉर्न वाजला की पाटी उचलायची. राहिलेले मासे त्याच्या ओळखीच्या एका खानावळवाल्याला पडत्या भावात द्यायचे. पमाबायने एकदा हॉर्न वाजल्यावर उठायला नकार दिला. समोर गिऱ्हाईक उभं होतं. हरेश्वर तिला तिथेच सोडून गेला. बसच्या कंडक्टरने माशांची पाटी चढू दिली नाही, रिक्षावाल्यांनी वास म्हणून नाही म्हटलं, आणि ती पाटी डोक्यावर घेऊन बराच रस्ता चालत आली. दुसऱ्या दिवशी ती टेम्पोपाशी गेलीच नाही.

घरात मुलाची, रूपेशची, मोटरसायकल ताडपत्रीखाली पडून होती. रूपेश तारापूरच्या एका कारखान्यात लागला होता आणि कंपनीच्या बसने जायचा. पमाबाय गाडी चालवायला केळव्याच्या किनाऱ्यावर शिकली. ओहोटीला वाळू कडक होते, आणि पडलं तरी लागत नाही, असा तिचा हिशोब होता. पडली पुष्कळदा. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं किनाऱ्यावर येतात. कासोट्यातली बाई मोटरसायकलसकट आडवी झालेली बघून त्यांनी मोबाइल काढले. ती पडल्या पडल्याच त्यांना म्हणाली, फोटो झाले असतील तर दोघे जण इकडे या आणि गाडी उचला. ते आले. त्यांतल्या एकाने नंतर तिच्याकडून सुके बोंबीलही नेले.

ती पहिली गाडी जुनी होती. काटा होता, पण त्याचं वागणं चमत्कारिक. केळव्याहून निघताना तो अर्ध्यावर असे. बोईसरला मासे विकून झाले, टब रिकामे झाले, की गाडी न चालवताच तो लाल रेघेवर यायचा. बायकांनी याची टिंगल सुरू केली. येशी नावाची तिच्याच वाड्यातली एक मासेविकी होती, टेम्पोत कायम पुढच्या कडेला बसणारी, जिभेला हाड नसलेली. ती म्हणायची, "पमे, तुजी गाडी पेट्रोल नाय पित, मासे पिते. मासे संपले की काटा पडतो."

पालघरच्या मेकॅनिकने टाकीत पेट्रोलवर तरंगून काटा हलवणारा तरंगा अडकतोय म्हणून काटा दोनदा उघडून बसवला. काही फरक पडला नाही. कारण पमाबायनेच शोधलं, आणि ते साधं होतं. दोन टब, बर्फ आणि मासे यांच्या वजनाने गाडीचं ढुंगण खाली बसायचं. टाकीतलं पेट्रोल मागे सरकायचं, तरंगा मागे होता, तो वर उचलला जायचा. टब रिकामे झाले की गाडी सरळ व्हायची, पेट्रोल पुढे जायचं आणि काटा पडायचा. पेट्रोल तेवढंच. तेव्हापासून तिने काट्याशी संबंध तोडले. मेकॅनिक म्हणाला, सगळ्यांच्याच गाडीत थोडंफार असं होतं, काटा नुसता अंदाज सांगतो. पमाबाय म्हणाली, अंदाज मला पण सांगता येतो, त्याच्यासाठी वायर कशाला.

मग तिने बोटीवरची रीत आणली. तिचा नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. बोटीवर डिझेल किती उरलंय ते टाकीत काठी बुडवून बघतात, काठी कुठपर्यंत भिजली त्यावरून. पमाबायने माडाच्या झावळीची एक जाड हीर घेतली, सोलून गुळगुळीत केली आणि मासे कापायच्या सुरीने तिच्यावर खाचा पाडल्या. निघताना टाकीचं झाकण उघडायचं, हीर तळाला टेकवायची, वर काढायची आणि ओल उडून जायच्या आत खाचेवर अंगठा ठेवायचा. पेट्रोल फार लवकर उडतं, त्यामुळे हे सगळं ती झटक्यात करायची. खालच्या खाचेच्या वर ओल असेल तर जाऊन येऊन भागतं. खाली असेल तर पालघरला पंपावर थांबायचं. खाचा तिने भरल्या टबांची गाडी उभी करून पाडल्या होत्या, कारण तिचं जाणं भरल्या टबांनीच व्हायचं. हीर केसांच्या अंबाड्यात खोचलेली असे. ती हीर बाहेर आली की बंदरावरच्या माणसांनी विडी विझवायची, असा नियमही तिनेच केला होता. एकाने ऐकलं नाही, तर त्याच्या तोंडातली विडी तिने बोंबील काढावा तशी चिमटीत काढून पाण्यात टाकली. हे मी पाहिलेलं नाही, पण तीन माणसांनी वेगवेगळं सांगितलं आणि तिघांचं सांगणं जुळत होतं.

पंपावर तिचं बघण्यासारखं असे. रांगेतल्या पुरुषांमध्ये ती टबांसकट घुसायची. वासामुळे पुढचामागचा माणूस आपोआप अंतर ठेवायचा आणि तिला जागा मिळायची. गाडी स्टँडवर कललेली ठेवून पेट्रोल घ्यायला तिची तयारी नव्हती. दोन्ही पाय जमिनीवर रोवून ती गाडी सरळ धरायची आणि टाकीत डोळा घालून बघायची. पंपावरचा पोरगा बिहारचा होता. तो एकदा म्हणाला, "मौसी, कांटा तो आधा दिखा रहा है, अभी क्यूँ डलवाती हो?" पमाबायने त्याला विचारलं, कांटा तेरा मामा लगता है क्या? आणि पाइप नीट झटकायला लावला.

पैज लागली ती पहिल्या पावसाळ्यानंतर, बोटी पुन्हा सुरू झाल्यावर. बंदरावर लिलावाची वेळ होती. टेम्पोतल्या आणखी दोघीतिघी पमाबायला गाडी शिकवायला सांगू लागल्या होत्या आणि हे हरेश्वरच्या कानावर गेलं होतं. त्याने सगळ्यांच्या देखत तिला विचारलं की त्या काडीच्या भरवशावर किती दिवस चालणार. एक दिवस भर रस्त्यात पेट्रोल संपेल, तेव्हा काय करशील? पमाबाय म्हणाली, संपणार नाय. तो म्हणाला, संपलं तर? तिने मागचापुढचा विचार न करता सांगून टाकलं की ज्या दिवशी पेट्रोल संपून गाडी रस्त्यात थांबेल, त्या दिवशी चावी तुमच्या हातात देईन आणि टेम्पोत येऊन बसेन. कायमची.

बाहेरच्या माणसाला हे बोलणं नुसतं बोलणं वाटेल. पण बंदरावरचा सगळा लिलाव तोंडी चालतो. बोली लावली की माल तुमचा. बोलीवरून फिरलेल्या बाईचा आवाज दुसऱ्या दिवशी लिलाववाला ऐकून न ऐकल्यासारखं करतो. पमाबाय आपल्या बोलीवरून कधी फिरली नव्हती. त्यामुळे त्या दिवशी बंदरावर उभ्या असलेल्या प्रत्येकाने तिचं वाक्य जमा करून ठेवलं. ज्या दोघीतिघी शिकायचं म्हणत होत्या, त्यांनी बेत पुढे ढकलला. पमाची गाडी थांबते की नाही ते बघून ठरवू, असं त्यांचं झालं.

त्यानंतर हरेश्वर मुद्दाम तिच्या मागे राहायचा. टेम्पो तिच्या पुढे काढता येत असूनही काढायचा नाही. आरशात त्याचा टेम्पो दिसला की पमाबाय हात वर करून हलवायची, जसा मिरवणुकीत हलवतात.

वर्षं गेली. जुन्या गाडीचं इंजिन गेलं आणि रूपेशने आईला नवीन गाडी घेऊन दिली. तिच्यात रिझर्व्हचा कॉक नव्हता. जुन्या गाडीला पेट्रोल संपत आलं की आचके यायचे, कॉक फिरवला की उरलेल्यावर गाडी पंप गाठायची. नवीन गाडीत ते काही नाही. पडद्यावर पेट्रोलच्या नुसत्या काड्या. वरच्या काड्या कित्येक दिवस हलायच्या नाहीत, खालच्या भराभर गळायच्या आणि शेवटची लुकलुकायला लागायची. रूपेशने तिला गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचून दाखवलं. शेवटची काडी लुकलुकली की पेट्रोल भरावं, टाकी पूर्ण कोरडी होऊ देऊ नये, पंप खराब होतो. पमाबायने पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे लिवणाऱ्याने मागं दोन टब बांधले होते काय?"

तिने नवीन टाकीसाठी नवीन हीर केली. काडी लुकलुकायची, ती बघायची नाही. कधीकधी लुकलुकत्या काडीवर बोईसर करून पुन्हा केळव्याला पोचायची आणि मुद्दाम हरेश्वरच्या दारावरून गाडी न्यायची. रूपेश वैतागायचा. तो म्हणायचा, आई, हट्टाने गाडी चालत नाही. ती म्हणायची, टेम्पो चालतो ना भावोजींच्या हट्टावर.

पुढचं मी स्वतः पाहिलं आहे. पालघर-बोईसर रस्त्याचं काँक्रिटचं काम चालू होतं. एक बाजू खणून ठेवलेली, दुसऱ्या बाजूने दोन्हीकडची वाहनं आळीपाळीने सोडत होते. त्या खोळंब्याची बातमी करायला मी सकाळीच तिथे गेलो होतो. पालघरकडून वाहनांची एक रांग आली. तिच्यात पमाबाय होती, मागे दोन टब. माझ्यापासून थोड्या अंतरावर तिची गाडी दोन आचके देऊन थांबली. तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग खाली उतरली, गाडी ढकलत कडेच्या मातीच्या ढिगापाशी आणली, झाकण उघडून आत बघितलं आणि झाकण लावलं.

काय झालं होतं ते तिनेच तिथे सांगितलं, कुणी विचारायच्या आधी. त्या दिवशी बोट उशिरा लागली होती. वाट बघत असताना, टब रिकामे असतानाच, तिने हीर घालून बघितली. गाडी सरळ उभी, पेट्रोल पुढे झाकणाखाली आलेलं. हीर खालच्या खाचेच्या बरीच वर भिजली. भरल्या गाडीच्या खाचा आणि रिकाम्या गाडीचं पेट्रोल. मग बोट आली, लिलाव झाला, घाईत टब भरले आणि पुन्हा बघायचं राहिलं. केळव्यापासून काडी लुकलुकत होती. पालघरचा पंप तिने तसाच मागे टाकला.

तेवढ्यात मागून टेम्पो आला. हरेश्वर उतरला. मागच्या बायका फळीवरून माना उंच करून बघू लागल्या.

"वयनी, गाडी थांबली की संपलं?"

मला वाटलं होतं ती काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. प्लग, वायर, काहीही.

"संपलं," ती म्हणाली.

हरेश्वरने वाकून चावी फिरवली. पडद्यावर शेवटची काडी लुकलुकत होती. त्याने बाजूला सरकून ती बायकांना दिसेल असं केलं आणि मलाही हाक मारली. "पेपरवाले, तुमी पण बघा. हा बिचारा काटा सकाळपासून बोंबलतोय. हिने ऐकलं नाय."

"आज खरं बोलला," पमाबाय म्हणाली. "रोज खोटं बोलणारा एक दिवस खरं बोलला म्हणून उद्यापासून त्याचंच ऐकायचं काय?"

टेम्पोत कुणीतरी हसलं. हरेश्वर हसला नाही. तो हळू आवाजात बोलू लागला, आणि त्यामुळे ते जास्त जड वाटत होतं. फळी आहे, चौघे मिळून गाडी वर घेऊ. मासे खराब व्हायला नकोत. मागे नको बसूस, पुढे माझ्या शेजारी बस. मी काही वैरी नाही. फक्त बंदरावर बोलली होतीस ते लक्षात असू दे. एवढं बोलून त्याने हात पुढे केला, तळवा वर करून.

पमाबायने चावी काढली. ती तिने मुठीतच ठेवली. मागे अडकलेल्या वाहनांचे हॉर्न सुरू झाले होते.

"भावोजी, तुमचा टेम्पो माहीमला बंद पडला, आमी उतरून ढकलला. पालघरला भर बाजारात पडला, तवा पण ढकलला. डिझेल तुमी भरायला विसरलात तवा तर पावसात ढकलला. तुमची चावी कोणी मागितली?"

"टेम्पोचं वेगळं हाय."

"काय वेगळं हाय?"

हरेश्वरने बायकांकडे बघितलं. तो म्हणाला, "शब्द तू दिला होतास. मी नाय."

"दिला होता. चूक केली. अशी पैज तुमाला कोणी लावली नसती, मी माज्यावर लावून घेतली. सगळ्यांच्या देखत दिला, सगळ्यांच्या देखत परत घेते. मला फिरलेली म्हणा. उद्या लिलावात माजा आवाज ऐकू नका." तिने चावी गाडीला लावली आणि हँडल धरलं. "टेम्पोत मी बसणार नाय."

मी स्कूटरवरून पेट्रोल आणून देतो म्हणालो. तिने नकारार्थी मान हलवली. तुमी आणलंत तर हा सांगेल की पेपरवाल्याने पोचवली. बोईसरच्या बाजूला थोडं पुढे पंप होता. ती ढकलायला लागली. भरल्या टबांची गाडी मातीत रुतत होती. दोन पावलं पुढे, एक मागे.

येशी टेम्पोतून उतरली. कुणाशी काही न बोलता तिने ट्यूबचा एक वेढा सोडवला, पदराची चुंबळ केली आणि वरचा टब डोक्यावर घेतला. हरेश्वरने तिला विचारलं, तू कुठे? ती म्हणाली की बर्फाचं पाणी होतंय, तुमचं भांडण संपेपर्यंत मासे थांबत नसतात.

"मांदेली कमी भावात देऊ नको," पमाबाय मागून म्हणाली.

"तू आधी पेट्रोल भर. मग मला धंदा शिकव."

गाडी हलकी झाली तशी मातीतून बाहेर आली आणि काँक्रिटवर चढली. आमच्या बाजूची वाहनं आता सोडली होती. रस्ता एकाच वाहनापुरता, एका बाजूला खणलेला खड्डा, दुसऱ्या बाजूला मातीचे ढीग. ढिगांच्या मध्ये मध्ये जागा होती. गाडी क्षणभर आत घेऊन मागच्यांना पुढे जाऊ देता आलं असतं. पमाबायने घेतली नाही. पुढे टब डोक्यावर घेतलेली येशी, तिच्या मागे रस्त्याच्या मधोमध गाडी ढकलणारी पमाबाय, आणि तिच्या मागे पहिल्या गिअरमध्ये हरेश्वरचा टेम्पो. तो हॉर्न वाजवत होता. तिने एकदाही मागे बघितलं नाही.

माझी बदली आधीच ठरलेली होती; त्याच संध्याकाळी मी बोईसर सोडलं. दुसऱ्या दिवशी लिलावात तिचा आवाज ऐकला गेला की नाही, हे मला कळलेलं नाही. मी खोळंब्याची बातमी दिली; तिच्यात तिचं नाव नव्हतं. डोळ्यांसमोर आहे ते एवढंच, की हॉर्न पुढे पुढे थांबला आणि टेम्पो पंपापर्यंत तिच्या मागून, तिच्या पावलाने, गेला.